दूध उत्पादकाची वही: नोकरीतून पूर्णवेळ ॲप-निर्मितीकडे (प्रकल्प नोंदी)

७ जानेवारी २०२४

प्रकल्पाची व्याप्ती आज लिहून काढली. संगमनेर तालुक्यातील आमच्या गावात गाईचे दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जाते. तेथे माप, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅटव्यतिरिक्त घन पदार्थ) यांची नोंद होते, त्यानुसार दरपत्रकातून त्या वेळचा दर ठरतो आणि दहा दिवसांनी बिल निघते. पशुखाद्य, घेतलेली उचल आणि इतर कपाती वजा होऊन उरलेली रक्कम बँकेत जमा होते. उत्पादकाकडे राहतात त्या फक्त छोट्या पावत्या. दादा त्या तारेत ओवून ठेवतात, पण दहा दिवसांच्या वीस पावत्यांची बेरीज करून बिलाशी ताळा करण्याइतका वेळ गोठ्यातल्या कामातून क्वचितच मिळतो.

मला तयार करायची आहे ती उत्पादकाची स्वतःची वही. केंद्रासाठी संगणकप्रणाली पुष्कळ आहेत. उत्पादकाच्या बाजूने हिशेब ठेवणारे, मराठीत चालणारे आणि नेटवर्क नसतानाही उघडणारे साधन मात्र मला हवे तसे सापडले नाही. केंद्रावर संशय घेणे हा याचा हेतू नाही. दोन्हीकडे नोंद असली की बोलणे सोपे होते, एवढेच.

पहिली आवृत्ती केवळ अँड्रॉइडसाठी असेल. आमच्या भागातील उत्पादकांच्या हातात तोच फोन आहे, आणि गुगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर भरून होते, तर ॲपलची वर्गणी दरवर्षी ९९ डॉलर आहे. लेखन कॉटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत, ॲपचे पडदे जेटपॅक कंपोज या साधनाने, आणि माहिती रूम या डेटाबेस-साधनाच्या आधारे फोनमध्येच राहील.

२१ जानेवारी २०२४

पहिली ओळ लिहिण्याआधी नोकरीचा करार नीट वाचला. त्यात बौद्धिक संपदेचे कलम आहे आणि पूर्वपरवानगीशिवाय दुसरे व्यावसायिक काम न करण्याचेही कलम आहे. त्यामुळे कंपनीला लेखी अर्ज केला: कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नसलेले, कंपनीतील कोणतीही गोपनीय माहिती न वापरता केलेले ॲप. या चार अटींसह परवानगी लेखी मिळाली आणि तिची प्रत प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. स्वतंत्र काम सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा कागद आधी मिळवावा, असे माझे ठाम मत आहे, कारण ॲप चालू लागल्यावर त्याची मालकी कोणाची, हा प्रश्न उभा राहिला तर सगळी मेहनत अडकून पडते.

११ फेब्रुवारी २०२४

माहितीची रचना ठरली. दर पैशांत, माप मिलिलिटरमध्ये, फॅट आणि एसएनएफ शतांशांत, म्हणजे सर्व मूल्ये पूर्णांकांतच साठवायची. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या तंतोतंत मांडता येत नाही. दशांश संख्या तशाच साठवल्या तर बेरजेत कधीतरी एका पैशाचा फरक डोकावतो. तो पैसा महत्त्वाचा नसतो, पण वहीतली बेरीज आणि बिलावरची बेरीज जुळली नाही की वहीवरचा विश्वास जातो. पूर्णांकन कोठे करायचे हेही सेटिंगमध्ये ठेवावे लागेल, कारण काही केंद्रे प्रत्येक पावतीवर पूर्णांकन करतात, तर काही फक्त बिलाच्या अखेरीस.

दराची पद्धत अधिक गुंतागुंतीची आहे. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे मूळ प्रमाण धरतात आणि त्याखाली किंवा वर प्रत्येक पॉइंटमागे (म्हणजे ०.१ च्या फरकामागे) दर कमी-अधिक होतो, पण पॉइंटमागची रक्कम केंद्रागणिक बदलते. लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारे उपकरण) वापरणाऱ्या केंद्राच्या पावतीवर एसएनएफऐवजी डिग्री असते. तिला चाराने भागून त्यात फॅटचा ठरावीक अंश आणि एक स्थिरांक मिळवला की एसएनएफ निघते, मात्र तो अंश आणि तो स्थिरांकही सर्वत्र सारखे नाहीत. शिवाय काही ठिकाणी दूध लिटरने मोजतात आणि काही ठिकाणी तोलून घेतात. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. म्हणून ॲपमध्ये कोणतेही सूत्र पक्के बसवायचे नाही, असे ठरवले. उत्पादक आपल्या केंद्राचे दरपत्रक एकदा भरेल आणि पुढचे सर्व हिशेब त्यावरून होतील.

लॉगिन ठेवायचे नाही, हाही निर्णय आजच घेतला. खाते नसेल तर पासवर्ड विसरण्याचा प्रश्न नाही, खाते बंद करण्याची सोय करावी लागत नाही आणि कोणाचाही हिशेब माझ्याकडे येत नाही. फोन बदलल्यावर वही परत मिळावी यासाठी अँड्रॉइडची स्वयंचलित बॅकअप सोय वापरेन. तिची मर्यादा प्रत्येक ॲपला २५ एमबी आहे आणि केवळ आकड्यांच्या वहीला ती अनेक वर्षे पुरेल.

३ मार्च २०२४

आजचा पूर्ण दिवस मराठी अंकांवर गेला, आणि तो तसा जायलाच हवा होता. फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइड संख्यांची मांडणी करताना देवनागरी अंक वापरते. हिंदीत तसे होत नाही, म्हणून हिंदी फोनवर चाचणी करून ही बाब कळणार नाही. दाखवण्यापुरते ते उत्तमच आहे. प्रश्न येतो तो उलट्या दिशेने: पडद्यावर मांडलेले ३.७ पुन्हा वाचून त्याची दशांश संख्या करायला गेले की कॉटलिनचे दशांश रूपांतर देवनागरी अंक स्वीकारत नाही आणि ॲप बंद पडते. पूर्णांकाचे रूपांतर मात्र देवनागरी अंक निमूटपणे स्वीकारते, त्यामुळे लिटरचा रकाना व्यवस्थित चालतो आणि फॅटच्या रकान्यावर घात होतो. यासाठी नियम केला आहे की अंक आत घेताना प्रथम ते सर्व एकाच लिपीत आणायचे, साठवणुकीच्या आणि फाइलच्या मांडणीत भाषा-निरपेक्ष पद्धत वापरायची, आणि फोनची भाषा फक्त पडद्यापुरती मानायची. या नियमासाठी स्वयंचलित चाचण्या लिहिल्या आणि त्या मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांच्या फोनवर चालवल्या.

पीडीएफ बिलाचेही काम झाले. तपासलेल्या लायब्ररींपैकी (तयार कोडच्या संचांपैकी) काहींमध्ये जोडाक्षरे सुटी पडत होती आणि वेलांटी भलत्या जागी जात होती. अँड्रॉइडचे स्वतःचे पीडीएफ साधन पडद्यावरचीच अक्षररचना वापरते, त्यामुळे ‘उत्पादकाच्या’, ‘दुसऱ्या’, ‘कपात’ हे सगळे बरोबर उमटते. तेच स्वीकारले.

२४ मार्च २०२४

गुगल प्लेवर वैयक्तिक खाते उघडले. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना नवी अट आहे: ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान २० जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत, म्हणजे फक्त निवडक लोकांना ॲप देऊन घेतलेल्या चाचणीत, सहभागी राहिले पाहिजे. एकट्याने काम करणाऱ्याला ही अट जड वाटते, हे खरे. माझ्या बाबतीत तिचा फायदाच होईल, कारण चाचणीसाठी माणसे शोधायची म्हणजे गोठ्यातच जावे लागेल. कोणी मध्येच बाहेर पडले तर दिवस पुन्हा मोजावे लागू नयेत म्हणून २० पेक्षा बरेच अधिक उत्पादक घेतले आहेत.

आणखी एक बाब नोंदवून ठेवते. वैयक्तिक खात्यातून पैसे घेणारे ॲप ठेवले तर निर्मात्याचा पूर्ण पत्ता गुगल प्लेवर सर्वांना दिसतो. घरातून काम करणाऱ्यांनी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रियांनी, याचा विचार खाते उघडण्यापूर्वीच करावा.

१४ एप्रिल २०२४

बंद चाचणी पूर्ण झाली. सर्वांत उपयुक्त सूचना शेजारच्या काकूंची आहे. दूध घालून आल्यावर त्यांचे हात ओले असतात, म्हणून बटणे मोठी हवीत आणि कालचेच माप एका स्पर्शात पुन्हा भरता यायला हवे. दोन्ही गोष्टी केल्या. दुसरी मागणी चुकलेली पाळी दाखवण्याची होती: सकाळची नोंद राहिली असेल तर संध्याकाळी तो रकाना वेगळ्या रंगात दिसावा. तेही झाले. सूचना-संदेशांसाठी मात्र अचूक वेळेच्या गजराची परवानगी मागायची नाही. दहा दिवसांच्या बिलाची आठवण तासाभराने मागेपुढे झाली तरी काहीच बिघडत नाही, आणि अँड्रॉइड १३ पासून साध्या सूचनांनाही वापरकर्त्याची संमती लागत असल्याने आपण जेवढे कमी मागू तेवढे बरे.

२ जून २०२४

किंमत ठरवण्याचा हा दिवस पुढच्या सगळ्या वर्षांवर परिणाम करणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जाहिराती नकोत. पावतीची नोंद करताना मध्ये जाहिरात आली तर चुकीच्या जागी बोट पडते, आणि ग्रामीण वापरातून जाहिरातींचे उत्पन्नही तुटपुंजे असते. एकदाच रक्कम घेऊन ॲप कायमचे देणे आकर्षक वाटते, पण ते मला अप्रामाणिक वाटते. अँड्रॉइड दरवर्षी बदलते, गुगल प्लेने ॲपसाठी ठरवलेली अँड्रॉइड आवृत्तीची किमान पातळी दरवर्षी वर जाते, आणि एकदाच मिळालेल्या पैशांतून पाच वर्षांनंतरची दुरुस्ती होत नाही. मग एक दिवस ॲप मागे पडते आणि ज्याने विश्वासाने पैसे दिले त्याची वही बंद होते. म्हणून वार्षिक वर्गणी ₹३०० ठेवली. नोंद करणे, जुन्या नोंदी पाहणे आणि त्या फाइलमध्ये बाहेर काढणे हे कायम विनामूल्य राहील, वर्गणी संपली तरीही. पैसे आहेत ते बिलाचा ताळा, पीडीएफ आणि महिन्यांची तुलना यांसाठी.

वर्गणी आपोआप कापली जाणारी ठेवायची की आगाऊ भरायची, यावर बराच विचार केला. नोव्हेंबर २०२२ पासून गुगल प्लेवर यूपीआय ऑटोपे चालते आणि त्यामुळे कार्ड नसलेल्यालाही स्वयंचलित वर्गणी घेता येते. तरीही मी आगाऊ भरण्याची योजना निवडली, जिच्यात मुदत संपल्यावर वापरकर्ता स्वतःहून पुन्हा पैसे भरतो. विसरून राहिलेल्या कपातीवर उत्पन्न उभे राहू नये, हे एक कारण. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या निर्णयासाठी मोलाचे आहे: जो माणूस दुसऱ्या वर्षी जाणूनबुजून ₹३०० भरतो, त्याला वही खरोखर उपयोगी पडली आहे.

तांत्रिक बाजूने एक काळजी घेतली. खरेदी पूर्ण झाल्यावर तीन दिवसांत ॲपने तिची पोच दिली नाही तर गुगल प्ले पैसे परत करते. आमच्याकडे नेटवर्क जाते-येते आणि यूपीआय व्यवहार कधी प्रलंबितही राहतो, म्हणून ॲप उघडताना प्रत्येक वेळी पोच बाकी असलेली खरेदी तपासली जाते.

₹३०० मधून गुगलचे १५ टक्के सेवाशुल्क गेले की ₹२५५ उरतात. कराचा हिशेब वेगळा. भारतात पर्यायी देयक व्यवस्था वापरली तर सेवाशुल्क १५ वरून ११ टक्के होते, पण मग पेमेंट गेटवेचे शुल्क, परतावे आणि पावत्या हे सर्व माझ्याकडे येते. एकटीने काम करताना ते परवडणार नाही.

२१ जुलै २०२४

राज्य सरकारने गाईच्या दुधाला प्रतिलिटर ₹५ अनुदान १ जुलैपासून पुन्हा सुरू केले आहे. हे पैसे केंद्राच्या बिलात न येता थेट बँक खात्यात आणि वेगळ्या वेळी येतात, म्हणून उत्पादकाला आपले किती येणे बाकी आहे हे कळत नाही. ‘येणे अनुदान’ असा स्वतंत्र रकाना दिला, दर आणि मुदत बदलता येईल अशी सोय ठेवली. आवृत्ती आठवड्याभरात गेली. या एका रकान्यामुळे जितके नवे उत्पादक आले, तितके आधी कोणत्याही सुविधेमुळे आले नव्हते.

१५ डिसेंबर २०२४

गेल्या काही महिन्यांत नवे काम थोडे आणि निगा जास्त झाली. गुगल प्ले ॲपच्या बंद पडण्याचे प्रमाण पाहते. वापरकर्त्याला जाणवणारे बंद पडणे १.०९ टक्क्यांच्या आणि ॲप गोठणे ०.४७ टक्क्यांच्या वर गेले तर शोधात ते मागे पडू शकते. कमी मेमरीच्या फोनवर महिन्यांच्या तुलनेचा पडदा गोठत होता. बेरजा आधीच करून ठेवल्यामुळे आता तो लगेच उघडतो.

बंद चाचणीची अट या महिन्यात २० वरून १२ जणांवर आली आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना याचा उपयोग होईल.

१६ मार्च २०२५

नोकरी कधी सोडायची, याचा विचार आज भावनेवर न सोडता कागदावर केला. घरखर्च महिन्याला ₹४०,०००, म्हणजे वर्षाला ₹४,८०,०००. आरोग्यविमा, चाचणीसाठी फोन आणि लॅपटॉपची झीज यांचे ₹६०,००० धरले तर वर्षाला ₹५,४०,००० लागतात. प्रत्येक वर्गणीदारामागे ₹२५५ या हिशेबाने सुमारे २,१२० वर्गणीदार हवेत, आणि करासाठी त्याहून थोडे अधिक.

पण खरा आकडा हा नाहीच. वर्गणीदारांपैकी ६० टक्के जण दुसऱ्या वर्षी राहिले तर संख्या टिकवण्यासाठी दरवर्षी सुमारे ८५० नवे उत्पादक मिळवावे लागतील आणि माझा बहुतेक वेळ प्रचारात जाईल. ८० टक्के राहिले तर सुमारे ४२५ पुरतील आणि वेळ ॲपच्या निगराणीला देता येईल. एकूण डाउनलोड, पहिल्या महिन्याची विक्री, ताऱ्यांची सरासरी यांपैकी काहीही हे सांगू शकत नाही. म्हणून नियम लिहून ठेवला: जूनमध्ये पहिल्या वर्गणीदारांची मुदत संपेल, आणि त्यांचे नूतनीकरण पाहिल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. चांगल्या विक्रीच्या एखाद्या महिन्यावर विसंबून नोकरी सोडणारे माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांचे कौशल्य माझ्याहून कमी नव्हते.

१३ जुलै २०२५

पहिल्या तुकडीतील दर चार जणांपैकी साधारण तिघांनी वर्गणी पुन्हा भरली. ज्यांनी भरली नाही त्यांपैकी ज्यांच्याशी बोलता आले, त्यांतील बहुतेकांनी गाई विकल्या आहेत किंवा ते दूध घरूनच विकू लागले आहेत. वहीबद्दल तक्रार असलेले थोडे होते. वर्गणीदारांची संख्या २,१२० पर्यंत पोहोचलेली नाही. तरीही राजीनामा दिला, कारण उरलेली तूट आठवड्यातील दोन दिवस कंत्राटी काम करून भरून निघते, आणि ते काम मिळाल्याचे लेखी पत्र हाती आहे. दादांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “दवाखान्याचं काय?”

त्यांचा प्रश्न योग्यच होता. कंपनीचा गटविमा शेवटच्या दिवशी संपतो. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. नव्याने पॉलिसी घेतल्यास आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. अर्ज राजीनाम्यानंतरच्या सूचना-काळातच (नोटीस पीरियडमध्ये) केला. वर्षभराचा घरखर्च मुदत ठेवीत बाजूला आहे, आणि त्याला ॲपच्या कामासाठी हात लावायचा नाही.

१७ ऑगस्ट २०२५

३१ ऑगस्टनंतर येणारी प्रत्येक नवी आवृत्ती अँड्रॉइड १५ म्हणजे एपीआय ३५ साठी असली पाहिजे, आणि वर्गणीची लायब्ररीही सातव्या आवृत्तीची लागते. एपीआय ३५ मध्ये ॲपचा मजकूर पडद्याच्या कडेपर्यंत पसरतो. तीन बटणांच्या फोनवर आमचे ‘जतन करा’ हे बटण खालच्या पट्टीमागे जात होते. सर्व पडद्यांवर जागा मोजून ते वर घेतले आणि जुन्या अँड्रॉइड ७ च्या फोनवरही तपासले. नवी सुविधा एकही नाही, उत्पादकाला काही बदललेले दिसणारही नाही. वार्षिक वर्गणी का, या प्रश्नाचे माझ्याकडचे सर्वांत स्पष्ट उत्तर ही आवृत्ती आहे.

१५ सप्टेंबर २०२५

पूर्णवेळ कामाचा पहिला दिवस, आणि आगाऊ कराच्या दुसऱ्या हप्त्याचाही. नोकरीत कर आपोआप कापला जातो. आता वर्षाचा कर ₹१०,००० किंवा अधिक होणार असेल तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा टप्प्यांनी स्वतः भरायचा. सेवांची वार्षिक उलाढाल ₹२० लाखांच्या आत असल्याने वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी का, यावर सनदी लेखापालांचे लेखी मत घेतले. ॲपचे उत्पन्न येताच त्याचा चौथा हिस्सा करासाठी वेगळ्या खात्यात जातो.

सोमवार ते बुधवार ॲप, गुरुवार-शुक्रवार कंत्राटी काम अशी विभागणी ठेवली आहे. उत्पादकांचे फोन दुपारी बारा ते दोन या वेळेतच घेते, कारण तेव्हा त्यांचे दूध घालून झालेले असते आणि पुढच्या धारेला अवकाश असतो.

९ नोव्हेंबर २०२५

१ नोव्हेंबरपासून लागू झालेली १६ केबी मेमरी-पानांची अट तपासली, म्हणजे मेमरी १६ केबीच्या तुकड्यांत वापरणाऱ्या फोनवरही ॲप चालले पाहिजे. ही अट थेट प्रोसेसरसाठी तयार केलेल्या, म्हणजे नेटिव्ह कोडला लागते. ॲपमध्ये स्वतःचा तसा कोड नाही, पण एका लायब्ररीतून तशी फाइल येत होती. ती लायब्ररी काढून टाकली, कारण तिचा उपयोग एकाच आलेखासाठी होत होता आणि तो कंपोजमध्ये काढता आला.

२३ नोव्हेंबर २०२५

शेजारच्या तालुक्यातील एका संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन आला. “ताई, आमच्या सगळ्या उत्पादकांची वर्गणी केंद्रच भरेल, फक्त नोंदी आमच्या संगणकावरून थेट तुमच्या ॲपमध्ये भरल्या जाव्यात,” असा त्यांचा प्रस्ताव आहे. रक्कम अशी आहे की कंत्राटी काम याच महिन्यात थांबवता येईल, आणि त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही.

दोन दिवस विचार करून नकार कळवला. नोंद केंद्राकडून येऊन वहीत बसली तर ती बिलाचीच दुसरी प्रत होते आणि ताळा कशाशी करायचा हा प्रश्न उरतो. शिवाय वर्गणी भरणारे केंद्र हे माझे ग्राहक झाले, तर उद्या दरपत्रकावरून मतभेद झाल्यास मला कोणाची मागणी आधी ऐकावी लागेल, हे उघड आहे. त्याऐवजी सचिवांना एक सुचवले आणि ते त्यांनी मान्य केले: उत्पादकाला तफावत दिसली तर ॲपमधून त्या दहा दिवसांचा तारीखवार तक्ता काढून तो केंद्राला व्हॉट्सॲपवर पाठवेल, आणि केंद्र तो आपल्या नोंदींशी ताडून पुढच्या बिलात फरक दाखवेल. त्या तक्त्यात केंद्राचा उत्पादक क्रमांक आणि सकाळ-संध्याकाळ वेगळी हवी, एवढी त्यांची विनंती आहे. सोमवारी तेच काम हाती घेते.